नापास खांब

नकाशावर गावाचं नाव नव्हतं.
नुसतं 'गेट क्र. ४, अडथळा-खांब, नग ४२'
आणि खाली फरीदाबादच्या ठेकेदाराचा गोल शिक्का.
मगदूमशेठ म्हणाले, मुजावरबाई, माल दिल्लीला जायचाय,
कायदे होतात तिथं.
यल्लाप्पा कोरवीनं साच्यात वाळू ठोकता ठोकता विचारलं,
कायद्याला खांब कशाला लागतोय?

शिरोलीत तो आठवडा भट्टी रात्रपाळीला पेटली,
वीज रात्री स्वस्त, हा आमचा अर्थसंकल्प.
एसजी आयर्न, एकेक नग एकशे नव्वद किलो,
भरधाव ट्रक अडावा असा.
एकाच्या पोटात हवेची पोकळी निघाली, बोराएवढी.
तपासनीसानं खडूनं फुली मारली, हात झटकले.
त्याच्या जागी दुसरा ओतला, बेचाळीस पुरे केले,
ताडपत्री ओढून गाडी पुण्याच्या रस्त्याला लागली.

बिल पाठवलं. उत्तर आलं:
निधी उपलब्ध झाल्यावर.
मी हिशेबनीस. 'झाल्यावर' ही माझ्या वहीतली
सगळ्यात जुनी बाकी.

मग जेवणाच्या सुट्टीत संगणकावर ती जाडी पुस्तकं उघडली,
भाकरी वातड होईपर्यंत वाचली.
मुख्य शीर्ष दोन हजार अकरा, संसद.
अध्यक्षांचा पगार भारित,
म्हणजे त्यावर मत घ्यायचं नाही.
भारित.
माझे वडील दर्ग्यात ताईत भारून द्यायचे,
त्यानंतर त्याची गाठ कुणी सोडायची नसे.
बाकीचं सगळं मताला:
लघुलेखक, दिवे, गालिचे, छापखाना.
पहारा थोडा या पानावर, थोडा गृहखात्याच्या,
भिंती-फाटकं बहुधा बांधकामाच्या.
तीन पुस्तकं उलटली. खांब सापडला नाही.
'इतर खर्च' अशी एक ओळ होती,
तिच्यात आमची भट्टी विझून पडली असेल.

त्या मागण्या मंजूर झालेल्या मी पाहिल्या,
कँटीनच्या टीव्हीवर. आवाज बंद होता.
उरलेल्या सगळ्या एका गठ्ठ्यात टाकल्या,
तोंडं एकदाच उघडली, मिटली,
चहा उतू जायच्या आत संपलं.
मला हसू आलं. आमच्या पेठेतल्या तालमीत
नव्या कुलपाच्या अठराशे रुपयांवरनं
वार्षिक सभेत दोन तास शर्टाच्या बाह्या वर होत्या.
माझा भाऊ अस्लम म्हणाला, नगरसेवक देतोय की फुकट, घ्या.
तेव्हा खजिनदार सासने, एरवी न बोलणारे,
चष्मा पुसत म्हणाले:
ज्याला उद्या जाब विचारायचाय
त्याच्याकडनं कुलूप घेऊ नये.
तो एक किल्ली ठेवून घेतो.

पुस्तक मिटताना ते आठवलं
आणि हसू जरा अडकलं.
आपल्या दाराचे पैसे आपणच मंजूर करणं,
हा उद्दामपणा की शहाणपण,
एका मिनिटाच्या 'होय'वरनं कळत नाही.
सासनेंना विचारायला हवं होतं,
पण तालमीचं कुलूप पहाटे पाचला उघडतं
आणि लाल माती कुणाचाही पास मागत नाही.
तिथली गोष्ट इथं कितपत लागू करायची?

पैसे अकरा महिन्यांनी आले,
अनामत कापून. मी पावती लावली.
शेठनी पेढे आणले नाहीत, नुसतं 'बरं झालं' म्हणाले.

नापास खांब अजून आमच्या फाटकाशी आहे.
वितळवायचा राहून गेला.
फुली पुसली, बुडाशी गवत आलं,
रात्रीच्या पाळीचं कुत्रं त्याला पाठ घासतं.
यल्लाप्पा येता-जाता हातोडीनं टोला देतो.
चांगल्या ओतिवाचा आवाज लांब जातो.
याचा निघतो, आणि मध्येच कुठंतरी बसतो.
तो कान देऊन ऐकतो,
मान हलवतो,
आणि डब्याची पिशवी त्याच्यावर ठेवून
आत जातो.